घारीसाठी चेहरा

घारीने पहिला पंजा मारला तो मला. साहजिकच आहे म्हणा. या घरात काही पडलं, फुटलं, उतू गेलं की ते माझ्याच डोक्यावर येतं, मग घार तरी दुसरं डोकं कशाला शोधेल? मी गच्चीवर ओली चादर दोन्ही हातांनी झटकत होते, चिमटा दातांत धरला होता, आणि मागून कुणीतरी धोंडा घातल्यासारखं झालं. आवाज नाही, चाहूल नाही. केसांत हात घातला तर बोटं लाल. वर पाहिलं तर बाईसाहेब पाण्याच्या टाकीला वळसा घालून पुन्हा माझ्यावरच यायला निघाल्या होत्या. चादर तिथेच टाकून मी जिन्याच्या दारात शिरले आणि तोंडाला येईल ते बोलले. तिला भाषा कळली असती तर त्याच दिवशी तिने बिऱ्हाड हलवलं असतं.

बिऱ्हाड होतं टाकीखालच्या लोखंडी सांगाड्यात. काटक्या, तारा, चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि माझे हरवलेले चिमटे. हे घरटं बांधलं जात असताना आम्हाला पत्ता नव्हता, कारण गच्चीवर मान वर करून बघायला या घरात सवड कुणाला आहे? आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या चादरी रोज धुवाव्या लागतात, त्याखालचं मेणकापडही. त्या वाळल्या नाहीत तर अंथरायला दुसरं नाही. म्हणजे मला गच्चीवर जाणं भाग, आणि टाकीचा व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा म्हणून माझ्या धाकट्या दिराला जाणं भाग.

घरात माणसं एवढीच. आई, भावजी आणि मी. हे नाहीत. हे म्हणजे माझे मिस्टर. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचे. एका इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते आणि वरून लिफ्ट आली. सकाळी डबा घेऊन कामावर गेले ते गेलेच. याहून जास्त मला सांगता येत नाही.

आईंचं डोकं तेव्हाच चाळणी झालं होतं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या सगळ्यांबरोबर रडल्या. मग एक दिवस जेवताना म्हणाल्या, मोठा कुठाय गं? आम्ही पुन्हा सांगितलं. आमच्यासाठी ते पुन्हा होतं, त्यांचा मुलगा त्याच क्षणी गेला. त्या वेळी त्यांनी अन्न सोडलं. दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेतलं, शेवटी दवाखान्यात नाकातून नळी घातली. डॉक्टरांनी मला आणि भावजींना बाहेर बोलावून सांगितलं, की आणखी एकदा हे त्यांच्या कानावर गेलं तर मी त्यांना घरी पाठवू शकेन असं समजू नका. खरं बोलायचं असेल तर एकमेकांशी बोला, म्हणाले.

म्हणून उत्तर ठरलं. मोठा कुठाय? कामावर गेलाय, येईल संध्याकाळी. आणि संध्याकाळी विचारलं तर, येऊन गेला की, जेवला, पुन्हा बोलावणं आलं. यांचा मोठा फोटो भिंतीवरून उतरवून भावजींनी दुकानात नेऊन ठेवला. घरात कुणी यांच्याबद्दल 'होते' म्हणायचं नाही, 'आहेत' म्हणायचं. आणि मला रडायचं असेल तर बाथरूममध्ये जायचं आणि नळ पूर्ण सोडायचा. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी म्हणतात ना, ते मी रोज करत होते.

तर त्यात ही घार. भावजी म्हणाले बांबूने घरटं पाडतो. मी म्हटलं पाडा, आणि वर आणखी दोन शिव्या माझ्याकडून. पण शेजारच्या इस्त्रीवाल्याने भीती घातली की असं करणं गुन्हा आहे, म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्यात फोन केला. तिथून एक बाई आल्या. अंगाने काटकुळ्या, बोलायला माझ्याहून तिखट. दुर्बिणीतून घरटं बघितलं आणि म्हणाल्या, पिल्लं आहेत. ती उडेपर्यंत हात लावायचा नाही. गुन्हा आहे तो आहेच, पण नसता तरी लावायचा नाही.

मी माझं डोकं त्यांच्यापुढे केलं. म्हटलं, आणि याचं काय?

त्यांनी जखम पाहिली, टिटॅनसचं इंजेक्शन घ्या म्हणाल्या, आणि मग समजावून सांगितलं. घार समोरून येत नाही. डोळ्याला डोळा भिडला की ती वळते. ती माणसाची पाठ फिरायची वाट बघते. तेव्हा गच्चीवर जाताना छत्री धरा, आणि ते जमत नसेल तर डोक्यामागे चेहरा बांधा. मुखवटा, चित्र, काहीही चालेल, फक्त डोळे मोठे आणि सरळ हवेत. तिला वाटलं पाहिजे की या माणसाला पाठच नाही. पिल्लं उडाली की घरटं काढा, सांगाड्यावर तारा ओढा, म्हणजे ती पुन्हा बसणार नाही. जाता जाता थांबल्या आणि विचारलं, खायला कोण घालतं इथे? आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणीच नाही, म्हटलं. त्या म्हणाल्या, घार उगाच घर धरत नाही. जवळपास तिला रोजचं मिळतंय. शोधा.

छत्रीचं नाव काढू नका. एका हातात छत्री आणि एका हातात पिळलेली चादर धरून वाऱ्यात उभं राहून दाखवावं कुणीतरी. पहिल्या दिवशी छत्री उलटली आणि शेजारच्या गच्चीवर गेली. दुसऱ्या दिवशी मी डोक्यावर पातेलं घातलं. ते नाकापर्यंत आलं, मला समोरचं दिसेना. शेवटी भावजी म्हणाले, वहिनी, तुम्ही जाऊच नका, चादरी मी वाळत घालतो.

भावजींचं फोटोचं दुकान. पासपोर्टचे, परवान्याचे, नोकरीच्या अर्जाचे. दिवसभर लोकांना सांगायचं, हनुवटी वर, हसू नका, कान दिसू द्या. त्यांनी पुठ्ठ्यावर दोन मोठे डोळे रंगवले, ते डोक्यामागे बांधले आणि ऐटीत वर गेले. घारीने त्या डोळ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साऱ्या गावाला कान दिसू द्या म्हणणाऱ्याचा स्वतःचा कान फाटला. टाका घालून आले तेव्हा मी हसले, आणि हसता हसता मला रडू आलं, कारण त्या घरात हसूनही किती दिवस झाले होते.

त्यानंतर त्यांनी जे आणलं ते एका जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं होतं. म्हणाले, वहिनी, आधी ऐकून घ्या, मग ओरडा. पण मी टॉवेल उलगडला आणि आत हे होते.

यांचा चेहरा. खराखुरा, माणसाच्या मापाचा, जाड बोर्डावर चिकटवलेला, वर लॅमिनेशन, कडेने कात्रीने नीट कापलेला. कानांपाशी भोकं पाडून इलॅस्टिक ओवलेलं. भिंतीवरचा फोटो छापून आणला होता तेव्हा पहिल्या प्रतीत रंग बिघडला होता, चेहरा पिवळट आला होता, म्हणून दुसरी काढली. ती पहिली प्रत दुकानात पडून होती. तीच कापली होती. इलॅस्टिकची भोकं मी बघत राहिले. यांच्या कानांना भोकं पाडली होती.

मी भावजींना काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. दिराला असं कुणी बोलत नाही. तुम्हाला लाज आहे का, इथपासून सुरुवात झाली. ते मान खाली घालून ऐकत राहिले. म्हणाले, एवढा मोठा फोटो बाहेरून करून आणावा लागतो, आणि गिऱ्हाइकाचा चेहरा कसा वापरू? मी म्हटलं, स्वतःचा वापरायचा. ते म्हणाले, माझा फोटो कुणी काढलाय? मी कायम कॅमेऱ्याच्या मागे. आणि मग हळूच बोलले.

"दादा असता ना वहिनी, तर तोच माझ्या मागे उभा राहिला असता."

 ते खरंच होतं. हे तसेच होते. मी एवढंच म्हटलं, की आईंच्या दृष्टीस पडलं तर बघा. ते म्हणाले, जिन्यात घालीन आणि जिन्यातच काढीन, आई त्या वेळी झोपलेली असते.

पहिल्या दिवशी मी जिन्याच्या वरच्या दारातून बघत होते. भावजी वाकून बादलीतून चादर काढत होते, आणि त्यांच्या डोक्यामागून हे आभाळाकडे बघत होते. घार टाकीवरून सुटली, पंख मिटून खाली आली, आणि अगदी हातभर अंतरावरून वळली. पुन्हा आली, पुन्हा वळली. मग टाकीवर बसून चरफडत राहिली. जिवंतपणी यांचा धाक कुणाला बसला नव्हता. उंदीर दिसला तर हेच खुर्चीवर चढायचे. मी दारात बसून पदर तोंडात कोंबला.

आई झोपलेल्या असतात, हा भावजींचा हिशेब. पण आई काय घड्याळ लावून झोपतात? आमचा जिना मधल्या खोलीतून वर जातो, अरुंद, अंधारा, उजेड फक्त वरच्या दारातून येईल तेवढा. एक दिवस भावजी बादली घेऊन चढत होते आणि मागून हाक आली.

"आलास रे?"

आई कॉटवरून उठून दारापर्यंत आल्या होत्या. भावजी वळले नाहीत. वळले असते तर चेहरा गेला असता, म्हणून ते तसेच चढत राहिले, आणि यांचा चेहरा आईंकडे बघत बघत अंधारातून वर गेला. आईंचं तोंड असं फुललं की काय सांगू. कितीतरी महिन्यांनी मी त्यांचे वरचे उरलेले दात पाहिले. मला वाटलं, बरं झालं. देवा, बरंच झालं. चला, आमच्या खोट्याला आता चेहराही मिळाला.

पण म्हातारीचं समाधान किती वेळ टिकणार? दुसऱ्या दिवशी त्या माझ्यावर उखडल्या. तो माझ्याशी बोलत का नाही? नुसता बघतो आणि वर जातो. तूच काहीतरी लावून दिलं असशील. भांडलीस त्याच्याशी? मी म्हटलं, नाही हो आई. तर म्हणाल्या, मग एवढा गप्प माणूस होता का माझा? जा, त्याची समजूत काढ. नवराबायकोने अबोला धरू नये, आयुष्य काय रोज रोज येतं? मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मेलेल्या नवऱ्याशी अबोला धरला म्हणून मी सासूची बोलणी खात होते. अशी सून दाखवा मला कुठे असेल तर.

मग त्यांनी खुर्ची जिन्यासमोर ओढून घेतली. तिथेच चहा, तिथेच औषध. वर जाताना मोठा जायचा आणि खाली येताना धाकटा यायचा, कारण उतरताना चेहरा पाठीमागे राही. त्यावरून त्यांनी ठरवलं की मोठा वरच राहतो, माझ्यावर रुसून. एकदा त्या स्वतः जिना चढायला निघाल्या, चौथ्या की पाचव्या पायरीवर मी त्यांना धरलं. वर घार, खाली अरुंद पायऱ्या. त्या दिवसापासून वरच्या दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला.

खायला कोण घालतं, ते मला पुढे कळलं. मासळी केली होती. आईंना ताट देऊन मी पाणी आणायला गेले आणि परत आले तर त्या खिडकीशी उभ्या. गजांतून हात बाहेर काढून त्यांनी सगळ्यात मोठा तुकडा बाहेरच्या कट्ट्यावर ठेवला आणि बाजूला झाल्या. पंखांची फडफड झाली. तुकडा गेला. आईंना डोळ्यांनी तेवढं दिसत नाही. त्यांनी कट्टा चाचपला, रिकामा लागला, तशा समाधानाने म्हणाल्या, "खाल्लं बघ. गरम असतानाच खातो."

 आम्हीच तर त्यांना सांगत होतो, येऊन गेला, जेवला. आई बिचारी रोज आपल्या तोंडचा घास काढून पोरासाठी बाहेर ठेवत होती, आणि रोज तो संपत होता. घार आपण होऊन आलीच नव्हती. आमच्या खोट्याने तिला जेवायला बोलावलं होतं, आणि जेवायला मिळालं म्हणून तिने संसार थाटला होता.

मी भावजींना सांगितलं तेव्हा ते खाली बसले. खिडकीला जाळी मारू म्हणाले, आणि मारलीही. त्या दिवशी आईंनी ताट सरकवलं. त्याचं जेवण अडवता आणि मला वाढता? दुसऱ्या दिवशीही नाही. तोंड तसंच मिटलेलं, दवाखान्यात होतं तसं. ते पाहून मीच पक्कड घेऊन जाळी उपटली. पक्ष्यांच्या बाईंना फोनवर सगळं सांगितलं.  त्या म्हणाल्या, मला वाईट वाटतं, पण तुमच्याशी खोटं बोलून उपयोग नाही. तारा ओढाल, घरटं काढाल, तरी खाणं मिळतंय तोवर ती जोडी पुन्हा येणार. पुढच्या खेपेला पिल्लं झाली की पुन्हा डोकी फोडणार. ते बंद व्हायलाच हवं.

सांगायला काय जातं? बंद करायचं म्हणजे आईंना सांगायचं की तो जेवत नाही. का जेवत नाही? आणि त्या 'का'च्या पुढे डॉक्टरांची नळी होती, किंवा नळीसुद्धा नव्हती.

पिल्लं उडाली. मी दारातून पाहिलं, दोन होती, टाकीच्या कडेला बसून आईला हाका मारत होती आणि मग मारता मारताच सुटली. खरं सांगते, मला राग येईना. पक्ष्यांच्या बाई येऊन बघून गेल्या, आता घरटं काढा, तारा ओढा म्हणाल्या. भावजींनी सुट्टी घेतली. घारी अजून वर घिरट्या घालत होत्या, म्हणून चेहरा बांधावा लागणारच होता. मी म्हटलं, आजचा शेवटचा दिवस. खाली आलात की तो माझ्याकडे द्यायचा. मी ट्रंकेत ठेवणार, माझ्या साड्यांच्या खाली.

घरट्याच्या काटक्या-चिंध्या खाली आणायच्या म्हणून त्या दिवशी मी वरचं दार सताड उघडून ठेवलं. एरवी ते भावजी माझ्याकडून किल्ली घेऊन वर पोचल्यावर उघडायचे. पायऱ्या पुसल्या होत्या, ओल्या होत्या, म्हणून भावजींनी चपला खाली काढल्या. आई खुर्चीत होत्या. मी त्यांना पेज भरवत होते. भावजी हातात पोतं घेऊन चढायला लागले, आणि यांचा चेहरा नेहमीसारखा आमच्याकडे बघत वर निघाला. फरक एवढाच की आज जिन्यात ऊन होतं, अगदी तळाच्या पायरीपर्यंत.

"थांब," आई म्हणाल्या.

भावजी थांबले. एक पाय वर, एक पाय खाली. वळले नाहीत. आईंनी त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग त्यांची नजर खाली उतरायला लागली. शर्टावरून, गुडघ्यांच्या लवणीवरून, थेट पायांपर्यंत. तिथे ती थांबली. मीही तिकडे पाहिलं.

तोंड आमच्याकडे होतं. टाचाही आमच्याकडे होत्या. बोटं वरच्या पायरीकडे.

लहानपणी हे सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. वाटेत कुणी अनोळखी भेटलं तर तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. पावलं उलटी असली तर तो जिवंत माणूस नव्हे. हे सांगायचे, आईंनीच याची भीती घालून दोन्ही पोरांना अंधार पडला की घरात ओढलेलं. आणि त्याच दोन पोरांचा मिळून एक माणूस आता त्यांच्यापुढे उभा होता, तोंड एकाचं, पाय दुसऱ्याचे.

मी त्यांचा खांदा धरला. आता फोडतील हंबरडा. आता तोंड मिटतील. रिक्षा कुठून आणायची, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, सगळं माझ्या डोक्यात एकदम सुरू झालं. पण आई नुसत्या बघत होत्या. मग त्यांनी हात थोडा वर केला, लहान मुलाला शाळेच्या फाटकातून आत जा म्हणतात तसा.

"जा बाळा," म्हणाल्या. "इथे घुटमळू नकोस. जा तू."

भावजी वर गेले. त्यांची पाठ थरथरत होती, पण चेहरा काही हलला नाही. आईंनी वाटीतली पेज स्वतःच्या हाताने संपवली.

दुपारी मी जेवायला वाढलं. मटण होतं. यांच्या नावाचा मोठा तुकडा नेहमीसारखा बाजूला ठेवला, कारण तो दिसला नाही तर त्या जेवत नसत. आईंनी तो उचलला. मी खिडकीकडे पाहिलं. त्यांनी तो माझ्या ताटात टाकला. "तू खा," म्हणाल्या. "वाळलीस किती." मी तो खाल्ला. खिडकीबाहेर कट्ट्यावर घार येऊन बसली होती, मान तिरकी करून वाट बघत. आईंनी तिकडे पाहिलंही नाही.

भांडी घासायला मी आत गेले. भावजी तेव्हा कुठे खाली उतरले, चेहरा टॉवेलात गुंडाळून काखेत धरलेला. आईंनी त्यांना हाक मारली, जवळ बसवलं. आमच्या भिंती त्या काय, फळीच्या. मला सगळं ऐकू आलं.

"ऐक," आई म्हणत होत्या. "मोठा गेला रे आपला. मी पाहिलं, त्याचे पाय उलटे होते. रडू नकोस. आवाज करू नकोस. तिला यातलं काही माहीत नाही. ती अजून त्याच्या नावाचं वाढून ठेवते. तिला सोसायचं नाही हे, मरून जाईल पोर. तिने विचारलं तर सांगायचं, कामावर गेलाय, येईल संध्याकाळी. कळलं?"

 भावजी म्हणाले, "बरं, आई."

माझ्या हातात घासलेलं ताट होतं, ते मी पुन्हा घासायला घेतलं. पुन्हा विसळलं. पुन्हा घासलं. आत येऊन भावजी माझ्यासमोर उभे राहिले, काय करू असं त्यांच्या डोळ्यांत होतं. तेवढ्यात बाथरूमचं दार लागलं. आतून कडी. आणि मग नळाचा आवाज, पूर्ण सोडलेला, बादली नसताना फरशीवर पडणारा.

भावजी दाराकडे धावले. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, पडणार नाहीत त्या. राहू द्या. दारापाशी मी स्वतः उभी राहिले. त्या नळाआड काय चाललंय ते या घरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पाण्याच्या आवाजात मध्येच एक दुसरा आवाज यायचा आणि पाणी तो बुडवायचं. मला आत जावंसं वाटलं, त्यांना पोटाशी धरून दोघींनी मिळून एकदा मोठ्याने रडावंसं वाटलं. पण त्या माझ्यासाठी आत गेल्या होत्या. मी दार वाजवलं असतं तर त्यांना लपवायला जागाच उरली नसती.

नळ बंद झाला. आई बाहेर आल्या. तोंड धुतलेलं, केसांवरून पाण्याचा हात फिरवलेला, पदर नीट खोचलेला. मला दारात बघून एकदम सावरल्या. माझ्या डोक्यावर, बरोबर घारीच्या जखमेवर, त्यांनी हात ठेवला.

"इथे काय उभी राहिलीस? त्याची वाट बघतेस?" म्हणाल्या. "कामावर गेलाय तो. येईल संध्याकाळी."

"हो, आई," मी म्हटलं. "येतील."

त्या दिवसानंतर खिडकीच्या कट्ट्यावर काही ठेवलं गेलं नाही. घार काही दिवस येऊन बसली, मग कमी आली, मग आलीच नाही. पुढच्या हंगामात पक्ष्यांच्या बाईंनी आठवणीने फोन केला. घारी नाहीत म्हटल्यावर खूश झाल्या, तारांचा गुण आला म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांना आणखी काय सांगायचं? आई आता आपल्या बहिणीचं नाव विसरतात, सकाळचा चहा घेतला की नाही ते विसरतात, कधीकधी भावजींना दुकानातलं गिऱ्हाईक समजून बसा म्हणतात. एवढी एकच गोष्ट त्या विसरत नाहीत. रोज दिवे लागायच्या वेळी मी दाराकडे पाहिलं की लगेच मला सांगतात, आणि मी हो म्हणते. पोटभर जेवतात, कारण त्या जेवल्या नाहीत तर मला संशय येईल.

चेहरा माझ्या ट्रंकेत आहे. आणि भावजी हल्ली म्हणतात, टाकी फार लवकर रिकामी होते, कुठे गळतेय का बघायला हवं. गळत कुठेच नाही. नळ सोडणाऱ्या आता आम्ही दोघी आहोत.